पहिली पळी

एकदा एक म्हातारा पाणी शिजवत बसला होता.

पाणी तापवतात, उकळतात, त्याचं आधण ठेवतात. शिजवत कुणी नाही, एवढं मराठी मलाही येतं. चाळीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत मी. पण त्याच्या वाडीतली माणसं तसंच म्हणायची, ‘बुधा पाणी शिजवतोय’, आणि म्हणताना एकमेकांकडे बघून हसायची. म्हणून मीही तसंच म्हणतो.

वाडी होती घाटाखाली, काथोडी लोकांची. काथोडी म्हणजे काथ करणारे. आपण विड्याला लावतो तोच काथ. खैराच्या लाल गाभ्याच्या ढलप्या काढायच्या, त्या पाण्यात उकळायच्या, उतरलेला रस कांबळ्यातून गाळायचा, पुन्हा आटवायचा आणि घट्ट झाला की त्याच्या वड्या पाडायच्या. काथ कुठून येतो असं पान खाणाऱ्या दहा जणांना विचारून बघा. नऊ जण वाण्याचं नाव सांगतील आणि दहावा पिंक टाकायला उठेल. आपलं तोंड ज्यांच्यामुळे रंगतं त्यांची आपल्याला इतकीच ओळख असते.

तर राज्य गोऱ्या साहेबाचं होतं आणि जंगलाला दगड लागून तीस वर्षं झाली होती. दगड म्हणजे हद्दीचे. दगडाच्या पलीकडचं सगळं सरकारचं. पलीकडच्या झाडाला कुऱ्हाड लावली की चोरी. खैर सगळे पलीकडे गेले, आणि त्या दिवसापासून वाडीत काथ झाला नाही. माणसं घाटावर कोळशाच्या भट्ट्यांवर जाऊ लागली, नाहीतर खाडीकाठच्या जमीनदारांचे बांध घालू लागली. जी पोरं पुढे जन्मली त्यांना वाटायचं, आपण पहिल्यापासून कोळसेवालेच.

एकच खैर दगडाच्या अलीकडे राहिला होता, वाडीच्या तोंडाशी. मोजणी करणाऱ्याची साखळी जरा वाकडी पडली असेल, दुसरं काय.

म्हाताऱ्याचं नाव बुधा. दरवर्षी माघात, थंडी मोडायच्या सुमाराला, तो त्या खैराजवळ हातभर रुंद आणि चांगला पुरुषभर लांब चर खणायचा. चरावर मातीची सात मडकी ओळीनं मांडायचा. पडलेल्या काटक्या गोळा करून जाळ घालायचा आणि मडक्यांत पाणी ओतायचा. नुसतं पाणी. पाच दिवस ते उकळायचं. पहिल्या मडक्यातलं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं कांबळ्यातून गाळून तिसऱ्यात. अधूनमधून करवंटीच्या पळीनं एक थेंब खापरीवर टाकायचा, डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, “अजून नाय.” पाचव्या दिवशी, ऊन कलताना, तो एकदम म्हणायचा, “आता झाला.” मग पहिली पळी भरून खैराच्या बुंध्याशी ओतायचा. उरलेलं पाणी केळीच्या पानांनी मढवलेल्या खड्ड्यात जायचं आणि जमिनीत मुरायचं. झालं. मडकी धुऊन पुढच्या माघापर्यंत पालथी.

या कामात त्याच्या हाताखाली असायचा त्याचा भाचा, नवशा. दगड लागले त्याच वर्षी जन्मलेला. बाप लवकर गेला, मामानं वाढवला. दहाव्या वर्षापासून नवशा मामाबरोबर पाणी शिजवत होता, आणि आता तिशीचा बाप्या झाला, दोन पोरांचा बाप झाला, तरी माघ आला की पाच दिवस चरापाशी बसायचा. गुरूचा शब्द मोडवत नाही म्हणून बसायचा. पटत होतं म्हणून नव्हे.

त्याची बायको चांगी तोंडाची फटकळ होती. “पाच दिस पाणी शिजवून आलास,” ती म्हणायची, “आता कायतरी त्यात टाकायलापण आण.” नवशा हसून घालवायचा, पण ते बोलणं त्याला लागायचं. आदल्या वर्षी भट्टीवर, धुरात, त्यांचं तान्हं पोर खोकून खोकून गेलं होतं. चांगी पुन्हा भट्टीवर जायला तयार नव्हती, आणि न जाऊन खायचं काय हे दोघांनाही माहीत नव्हतं.

(त्यांची बोली निराळी आहे. ती मला नीट येत नाही. माझ्या कानाला जमेल तशी देतोय, चूकभूल माझी.)

चरापाशी बसलं की बुधा जुन्या दिवसांचं बोलायचा. तेवढ्यासाठीच नवशा जायचा असं मला वाटतं. भातकापणी उरकली की आख्खी वाडी उठून रानात राहायला जायची. फांद्यांची खोपटं घालायची. माणसं गाभा फोडायची, बाया रस गाळायच्या, आणि रस घट्ट व्हायला लागला की चरापाशी कुणी चकार शब्द काढायचा नाही, पोरांनाही लांब खेळायला पाठवायचं. लाल वाफ उठायची. सकाळी धुकं आणि वाफ एकमेकांत मिसळायची आणि कोण कुठं बसलंय ते नुसत्या खोकण्यावरून कळायचं. शिमग्याआधी किनाऱ्यावरची कोळीमाणसं सुकट आणि मीठ घेऊन यायची, दोन दिवस मुक्काम करायची, गाणी म्हणायची, काथ घेऊन जायची. जाताना म्हणायची, येतो पुढच्या साली.

“आन् वास,” बुधा म्हणायचा. “वास सांगता येत नाय. उन्हाळभर अंगाला राहायचा. बायका डोकं धुवायच्या तरी केसांत राहायचा. तुझ्या आयेच्या केसांत व्हता.” एवढं बोलून तो मडक्यात डोकवायचा. त्याच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरू लागला होता. मडकं दिसायचं, मडक्यातलं दिसायचं नाही.

एकदा नवशानं न राहवून विचारलं, “मामा, हा एक खैर आपला हाय ना? जंगलाचा गारद काय बोलू शकत नाय. मग तोडू त्याला. एकदा तरी खरा काथ करून दाखव मला.”

बुधा म्हणाला, “तो तोडला तर द्यायचं कुणाला?”

नवशाला या उत्तराचा अर्थ लागला नाही. म्हातारपणाची खोड म्हणून त्यानं ते सोडून दिलं. आपणही आपल्या वडीलधाऱ्यांच्या किती गोष्टी अशा सोडून देतो, त्यांचा हिशेब मी इथे मांडत नाही.

त्या वर्षी पौषातच एक व्यापारी वाडीत आला. बरोबर जंगलाचा गारद होता. वाडीतल्यांनी गारद पाहिला आणि बाया पोरं घेऊन आत गेल्या. पण गारद आज पाहुण्यासारखा वागत होता, पाणी मागून प्यायला.

गोष्ट अशी झाली होती. साहेबाला तीस वर्षांनी उमगलं होतं की खैर नुसता राखून त्याचं काही होत नाही. साहेबाच्या मुलखात कातडी कमवायला, कापड रंगवायला काथ लागत होता. तेव्हा सरकारनं खैर तोडायचा मक्ता या व्यापाऱ्याला दिला. त्यानं खाडीकाठी मोठी शेड बांधली, लोखंडी कढया आणल्या, लांबून मजूर आणले. आणि दोन महिने काथ काळा पडत होता. कधी करपायचा, कधी चिकट राहायचा. शिमग्याला गलबत येणार होतं. शेठ रडकुंडीला आला होता.

“तुमची जात काथवाल्यांची ना रे?” शेठनं विचारलं. “करायला येतो कुणाला?”

सगळ्यांनी बुधाच्या खोपटाकडे पाहिलं. पण बुधाला आता आधाराशिवाय चालवत नव्हतं. मग नवशा पुढे झाला.

“मला येतो, शेठ. म्हंजे पाण्याचा येतो.”

“पाण्याचा?”

“खैराचा कदी केला नाय. पाण्याचा वीस वर्सं केला.”

शेठनं गारदाकडे पाहिलं. गारदानं डोक्याशी बोट नेऊन फिरवलं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि शेठ चांगला गळ्यापर्यंत बुडाला होता. तो म्हणाला, “ये उद्या. जमलं तर बारा महिने काम, वाडीतल्या सगळ्यांना. भात मी पुरवीन. घाटावर जायला नको.” आतून चांगी ऐकत होती. तिनं दाराची ताटी धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी नवशा शेडमध्ये गेला. गेल्या गेल्या म्हणाला, “लोखंड नको. लोखंडात काथ काळा पडतो. मातीची मडकी आणा.” हे वाक्य त्यानं मामाच्या तोंडून वीस वेळा ऐकलं होतं, पाण्याच्या मडक्यापाशी बसून, आणि वीस वेळा मनात म्हटलं होतं की पाण्याला काय, कशातही उकळा. कुंभाराकडून मडकी आली. चर खणला गेला. ढलप्या मडक्यांत पडल्या.

दुपारपर्यंत पाणी गुलाबी झालं, मग लाल. नवशाचे हात आपोआप चालत होते. पहिल्यातलं दुसऱ्यात, दुसऱ्यातलं कांबळ्यातून तिसऱ्यात. जाळ कधी ओढायचा, कधी सारायचा, ते त्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाकीचे मजूर काम टाकून बघत होते. आणि वाफ उठली तेव्हा त्याला तो वास आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, तरी त्यानं तो ओळखला. आईच्या केसांचा वास असा होता तर. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. डोळे पुसायला हात वर नेला तर हात कोपरापर्यंत लाल होते, म्हणून त्यानं डोळे वाहू दिले. धूर लागला असेल असं लोकांना वाटलं.

पाचव्या दिवशी ऊन कलताना त्यानं खापरीवर थेंब टाकला. वीस वर्षं तो थेंब पसरत आला होता. या वेळी तो उभा राहिला.

“आता झाला,” नवशा म्हणाला.

शेठ उठून उभा राहिला. आणि नवशानं काय केलं? त्यानं पहिली पळी काठोकाठ भरली, सांडणार नाही अशा बेतानं दोन्ही हातांत धरली, शेडच्या बाहेर आला, आणि खैर शोधू लागला. उभा खैर तिथे एकही नव्हता. तोडलेल्या ओंडक्यांची रास होती. तो रासेशी गेला, खाली वाकला आणि पळी जमिनीवर ओतली.

दोन महिने वाट पाहून तयार झालेला पहिला काथ, पहिली पळी, आणि ती मातीत.  शेठच्या तोंडून जे शब्द फुटले ते मी सांगत नाही. शेठ मुळात वाईट माणूस नव्हता, काटकसरी होता. संध्याकाळी सगळ्या मजुरांनी एका दगडी डोणीत हात धुवायचे आणि ते धुण्याचं लाल पाणी परत मडक्यात जायचं, असा त्याच्या शेडचा नियम होता. कोकणात अशा काटकसरीला निराळा शब्द आहे, पण मी तो चारचौघांत वापरत नाही. अशा माणसाच्या डोळ्यांदेखत ही पळी गेली होती.

“सरकारी माल आहे हा,” शेठ म्हणाला. “ओततोस? माजलास? चालता हो.”

नवशा चालता झाला.

तो वाडीत आला तेव्हा बुधा खैराला टेकून उन्हात बसला होता. नवशा समोर उभा राहिला. असा उद्धट तो आयुष्यात कधी उभा राहिला नव्हता.

“मामा, तुझ्या पाण्यानं माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढला.” आणि त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, “मातीत ओतायला कशाला शिकवलंस? पाणी व्हतं तवर ठीक व्हतं.”

बुधानं मान वर केली. तो म्हणाला, “लाल झाला व्हता?”

“झाला.”

“कसा लाल?”

नवशा रागात होता, पण विचारणारं तोंड पाहून राग धरवेना. “पिकल्या करवंदाच्या रसासारका. मग घट्ट झाल्यावर काळपट लाल.”

“बरोबर,” बुधा म्हणाला. “आन् वास?”

“वास मला सांगता येत नाय.”

म्हातारा हसला. मग बराच वेळ बुंध्यावरून हात फिरवत राहिला.

“दगड लागायच्या आदल्या साली,” तो म्हणाला, “एक साहेब रानात आला व्हता. तीन दिस आमच्या खोपटांपाशी तंबू टाकून राहिला. चांगला माणूस. झाडांवर त्याचा जीव. सालीवर असा हात ठेवायचा. त्यानं इचारलं, सालाला किती खैर तोडता? आमाला आकडा येईना. झाडाला शेंदूर लावायचा, इचारायचं, तीन दिस थांबायचं. कुणा पाखराचं घरटं दिसलं, फांदी पडली, की झाड नको म्हणतंय. मग दुसऱ्याला इचारायचं. ह्याचा आकडा कसा सांगायचा? मग त्यानं पयली पळी बघितली. बुंध्याशी ओतताना. त्यानं कारकुनाला इचारलं, काय करतात? कारकून बोलला, सांडतात, रीत हाय त्यांची. साहेबानं वहीत लिवलं. पुढल्या साली दगड आले. आमी रानाची नासाडी करतो, असं लिवलं व्हतं म्हणे.”

नवशा खाली बसला. हे त्यानं कधी ऐकलं नव्हतं. वाडीतल्या त्याच्या वयाच्या कुणीच ऐकलं नव्हतं. बुधानं तीस वर्षं हे पोटात ठेवलं होतं.

“खैर गेला ते सगळ्यांना दिसलं,” बुधा पुढे बोलला. “पोटाला चिमटा बसला. पन पोट भरतं रे. कंद उकरून भरतं, खेकडी धरून भरतं. दोन पावसाळे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, आपलं आनखी एक गेलंय. किनाऱ्यावरची माणसं आली, त्यांच्या हातावर ठेवायला काय नाय. मग ती यायची थांबली. झाडाला द्यायला काय नाय. ज्याच्यात्याच्यापुढं आपला हात निस्ता पसरलेला. घ्यायला नसलं की माणूस उपाशी राहतो, नवशा. द्यायला नसलं की तो गरीब होतो. आमी तोवर कदी गरीब नवतो. मग म्या बघितलं, पाण्याला कुणी दगड लावलेला नाय. म्हटलं, पाणी तर पाणी. हाताला पयली पळी ठाऊक राहिली पायजे. काथ काय, तो मागनं येतो. आला ना?”

नवशानं मान खाली घातली. समोर खैराच्या मुळाशी जमीन जरा खोलगट झाली होती. अठ्ठावीस माघांच्या अठ्ठावीस पळ्या तिथे मुरल्या होत्या, त्यांतल्या वीस त्यानं स्वतः भरून मामाच्या हातात दिल्या होत्या. इतकी वर्षं तो खोलगटपणा त्याच्या नजरेसमोर होता.

मग त्यानं विचारलं, “शेठनं परत बोलावलं तर?”

“जा. पोरं भट्टीवर नेऊ नको.”

“आन् पळी?”

“ते मला इचारू नको,” बुधा म्हणाला. “मला ठावी हाय ती मोकळ्या रानातली रीत. शेडातली रीत तुला काढायला लागंल.”

शेठनं बोलावलं. तिसऱ्याच दिवशी बोलावलं, कारण नवशामागे मजुरांनी पुन्हा दोन मडकी करपवली होती. गारद निरोप घेऊन आला. निरोपात अट होती: एक थेंब जमिनीवर पडता कामा नये. नवशानं अट मान्य केली.  चांगीनं त्याला भाकरी बांधून दिली आणि दूरवर जाईपर्यंत बघत उभी राहिली.

पाच दिवस त्यानं मान खाली घालून काम केलं. पाचव्या दिवशी थेंब उभा राहिला. “आता झाला” हे शब्द या वेळी त्यानं उच्चारले नाहीत. शेठच्या मुकादमाला नुसती मान हलवली. पहिली पळी भरली, ती साच्यात ओतली. शेठ अगदी शेजारी उभा होता. एक थेंब खाली पडला नाही.

संध्याकाळी मजूर डोणीपाशी हात धुवायला रांगेनं उभे राहिले. नवशाची पाळी आली. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना, मनगटावरच्या केसांत काथ वाळून घट्ट बसला होता. तो रांगेतून बाजूला झाला.

“शेठ, मी हात घरी धुतो,” तो म्हणाला.

शेठनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे, मग मागे चरावरच्या सात मडक्यांकडे. तो काटकसरी होता, पण आंधळा नव्हता. ही मडकी या हातांवाचून उतरत नाहीत हे त्याला आता कळलं होतं. “जा,” तो म्हणाला, आणि डोणीकडे वळला.

शेड ते वाडी दोन कोस. वाटेत ओढा होता, नवशाला तहान लागली होती. ओंजळ बुडवली असती तर हात धुतले गेले असते, म्हणून तो गुडघे टेकून तोंडानंच पाणी प्यायला, गुरं पितात तसा. चिलटं डोळ्यांभोवती आली ती त्यानं खांद्यानं वारली. मुठी त्यानं घट्ट मिटल्या नव्हत्या आणि उघड्याही ठेवल्या नव्हत्या. वाडीच्या तोंडाशी आला तेव्हा ऊन अजून खैराच्या शेंड्यावर होतं. बुधा बुंध्याशी बसलेला होता.

नवशानं चांगीला हाक मारली. ती तांब्या घेऊन आली आणि त्याचे हात पाहून तिला सगळं कळलं.  नवशा खैराच्या मुळाशी उकिडवा बसला आणि त्यानं हात पुढे धरले. ती पाणी ओतू लागणार तेवढ्यात बुधा म्हणाला, “थांब.”

त्याला दिसत नव्हतं. तो हातानं चाचपत पुढे आला. भाच्याची दोन्ही मनगटं धरून त्यानं ते तळवे आपल्या तोंडाशी नेले आणि श्वास घेतला. तीस वर्षांनी घेतला. त्याची पाठ हलत होती. नवशानं हात ओढून घेतले नाहीत. चांगीची पोरं धावत आली होती, ती पण उभी राहिली.

मग म्हाताऱ्यानं मनगटं सोडली. चांगीनं पाणी ओतलं. हात चोळले तसं पाणी आधी लाल झालं, मग गुलाबी, आणि त्या खोलगट जागेत साठून हळूहळू खाली गेलं. धाकट्या पोरीनं वाकून त्यात बोट बुडवलं आणि बोटाचा वास घेतला. तिला कुणी रागावलं नाही.

पाणी सगळं मुरेपर्यंत बुधा कान देऊन बसला होता.

“आता झाला,” तो म्हणाला.

एवढीच गोष्ट. जगात ज्यांचं ज्यांचं लुटलं गेलं त्यांच्याविषयी वाचताना, त्यांचं काय नेलं याची यादी लोक लगेच करतात. त्याआधी एकदा विचारावं, ते काय देत होते.